अमेरिकन माणूस चिनी घरात लग्न करून जातो तेव्हा नक्की काय काय बदलतं

एखाद्या अमेरिकन माणसाने चिनी मुलीशी लग्न केलं आणि तिकडेच राहिला असं कळलं की लोकांचे प्रश्न ठरलेले असतात, चॉपस्टिकने जेवता येतं का, भाषा कशी शिकला, तिकडचं जेवण झेपतं का. पण चॉपस्टिक थोड्या दिवसात जमतात, भाषा काही वर्षांत कामापुरती येते आणि जेवणाची सवय तर सगळ्यात आधी होते. खूप वेळ लागतो तो एकाच गोष्टीला, आपली जागा कुठली हे कळायला. जागा दोन ठिकाणी शोधावी लागते, एक घरात आणि एक सरकारी कागदावर. चिनी घर तुम्हाला फार पटकन जागा देतं, अगदी लग्नाच्या दिवशीच देतं, कागदावर मात्र ती वीस वर्षं संसार करूनही मिळेलच असं नाही. हा सगळा विषय मला या दोन जागांच्या मधल्या अंतरातूनच नीट समजला म्हणून तसाच सांगते.

माझ्या ऑफिसमधला एक मित्र ओहायोचा आहे. तरुणपणी चेंगदूला इंग्रजी शिकवायला गेला, तिथल्याच मुलीशी लग्न केलं, मुलगाही तिथेच झाला आणि आता काही वर्षांपासून सगळे इकडे अमेरिकेत आहेत. चेंगदू म्हणजे सिचुआन प्रांताची राजधानी, तिखट खाण्याची आणि तासन्‌तास चहा पीत पत्ते-माजोंग खेळत बसणाऱ्यांची. त्याच्याकडून ऐकलेलं बरंच, बाकी त्या निमित्ताने मी वाचत गेले ते.

सुरुवात नात्यांपासून करते कारण घरातली जागा तिथेच ठरते. इंग्रजीत काका मामा आत्याचे यजमान सगळे एकाच शब्दात बसतात, चिनी घरात तसं चालत नाही. वडिलांचा मोठा भाऊ बोबो, धाकटा भाऊ शुशु, आईचा भाऊ ज्यौज्यौ, वडिलांची बहीण गूगू, आईची बहीण यीमा. आपल्याला यात काही अवघड वाटणार नाही कारण काका, मामा, आत्या, मावशी आपण वेगळे ठेवतोच, चुलत-मामे-आते-मावस भावंडांच्या बाबतीत तर मराठी चिनीपेक्षाही बारीक आहे, त्यांच्याकडे त्यात दोनच मोठे गट, वडिलांच्या भावांची मुलं एकीकडे आणि बाकी सगळी दुसरीकडे. फरक हा की त्यांच्यात मोठा-धाकटा हा भेद जवळजवळ प्रत्येक नात्यात शिरलेला असतो आणि मोठ्यांना नावाने हाक मारायचीच नाही. माझा मित्र ज्या घरात वाढला तिथे सासऱ्यांना पहिल्या नावाने हाक मारणं हे जवळीक झाल्याचं लक्षण. चेंगदूत त्याने तसं केलं असतं तर जेवणाचं टेबल गप्प झालं असतं. त्याला बायकोने एका कागदावर अख्खं झाड काढून दिलं होतं, कोण कोणाच्या वरचा, कोणाला काय म्हणायचं, आणि तो ते पाठ करून पहिल्या चिनी न्यू इयरला गेला. एकदा तो बरोबर हाक मारायला लागल्यावर, त्याची चिनी कितीही मोडकीतोडकी असली तरी, म्हातारी मंडळी त्याला घरचा धरूनच बोलायला लागली. पगार किती, घर कधी घेणार, मूल कधी, वजन का वाढलंय. अमेरिकन माणसाला हे प्रश्न म्हणजे घुसखोरी वाटते. तिकडे हे प्रश्न परक्याला कोणी विचारत नाही, ते विचारले जायला लागले म्हणजे तुम्ही आत आलात.

थँक्यूचंही तसंच. तो सासूबाईंना प्रत्येक वाडग्यामागे थँक्यू म्हणायचा, लहानपणापासूनची सवय, आणि त्या हिरमुसायच्या. बायकोने समजावलं की तू आईला हॉटेलवाल्यासारखं वागवतोयस असं तिला वाटतं. आपल्याकडेही आईने वाढलं की कोणी आभार मानत बसत नाही त्यामुळे मराठी वाचकाला हे सांगायची गरज नाही, पण ज्या समाजात प्लीज आणि थँक्यू हीच घरातल्या प्रेमाची भाषा आहे तिथून आलेल्याला ते म्हणणं बंद करायचं म्हणजे उद्धटपणा शिकल्यासारखं वाटतं. मग आभार मानायचे कसे? तर दुसऱ्या वाडग्याची मागणी करून, सासऱ्यांबरोबर हॉस्पिटलच्या रांगेत उभं राहून, त्यांचा फोन बिघडला की नीट करून देऊन. प्रेम तिथे कामातून आणि खाण्यातून आणि पैशातून जातं. पैशातून हे विशेष, कारण मोठी झालेली मुलं आईवडिलांना सणाला, वाढदिवसाला, कधी दर महिन्याला पैसे देतात आणि आईवडील मुलांना घर घ्यायला आयुष्यभराची शिल्लक देतात. ओहायोत वाढलेल्या माणसाला दोन्ही दिशा विचित्र वाटतात.

आता लग्न. इथे एक गोष्ट आधी स्पष्ट करते कारण आपल्या डोक्यात लग्न म्हणजे विधी असतात. चीनमध्ये कायद्याने लग्न होतं ते नागरी व्यवहार कार्यालयात, मुलगा किमान 22 आणि मुलगी किमान 20 वर्षांची लागते, दोघांचा लाल पार्श्वभूमीवरचा एकत्र फोटो आणि दोन लाल पुस्तिका, एक त्याची एक तिची. संपलं. 2017 च्या एप्रिलपासून तर त्याची फीसुद्धा रद्द झाली. परदेशी माणूस असेल तर त्याला पासपोर्टबरोबर आपण अविवाहित असल्याचा दाखला आणावा लागतो, आणि असं लग्न प्रत्येक ऑफिसात लागत नाही, प्रांताने नेमून दिलेल्या ऑफिसातच लागतं. चिनी बाजूला पूर्वी हुकोऊची पुस्तिका लागायची, म्हणजे घराण्याच्या नोंदणीची वही, आणि ती सहसा आईवडिलांच्या कपाटात असायची. मुलीने किंवा मुलाने मनाविरुद्ध लग्न ठरवलं की आईवडील ती वही लपवून ठेवत, आणि वहीशिवाय नोंदणी अडायची. परदेशी जावई नको असलेल्या घरांमध्ये हे शस्त्र बरंच वापरलं गेलं. 10 मे 2025 पासून नवीन नियम आले आणि चिनी माणसाला लग्नासाठी ती वही दाखवायची गरज उरली नाही. मला हा बदल फार मोठा वाटतो, बातमीत तो दोन ओळींत संपला तरी.

पण घरच्यांच्या लेखी लग्न होतं ते मेजवानीच्या दिवशी, आणि मेजवानी नोंदणीनंतर काही महिन्यांनीही असू शकते. सकाळी नवरदेव मुलीकडे जातो, तिच्या मैत्रिणी दार अडवतात, लाल पाकिटं घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत. मग चहा. नवरा-नवरी दोन्हीकडच्या आईवडिलांना दोन हातांनी चहा देतात, बऱ्याच ठिकाणी गुडघे टेकून, आणि त्याच क्षणी पहिल्यांदा सासूसासऱ्यांना आई आणि बाबा म्हणतात. ती हाक ऐकली की ते लाल पाकीट देतात. माझ्या मित्राच्या मते त्याचं लग्न या क्षणी झालं, ऑफिसातला शिक्का त्याला आठवतही नाही. त्याचे आईवडील ओहायोहून आले होते, त्यांच्यापुढे सून गुडघ्यावर बसली तेव्हा त्याची आई गडबडून तिला उठवायला गेली, मग कोणीतरी तिला हळूच सांगितलं की चहा घ्या, आधी चहा घ्या.

मेजवानीत नवरा-नवरी टेबलाटेबलावर जाऊन सगळ्यांबरोबर प्याला उचलतात, आणि मोठ्या माणसाशी प्याला टेकवताना आपल्या प्याल्याची कड त्याच्या कडेपेक्षा खाली ठेवायची असते. दाराजवळ एक टेबल असतं, तिथे पाहुणे लाल पाकिटं देतात आणि कोणीतरी वहीत नाव आणि रक्कम लिहितो. आपल्याकडे आहेराची वही असते तशीच ही वही, आणि उपयोगही तोच, उद्या त्यांच्या घरी कार्य निघालं की वही काढायची, किती दिलं होतं ते बघायचं आणि त्याहून थोडं जास्त द्यायचं. अमेरिकन माणसाला भेटवस्तूचा हिशेब ठेवणं म्हणजे भेटीचा अपमान वाटतो. वही जपून ठेवणाऱ्याला मात्र संबंध चालू ठेवायचा असतो, त्या रकमा म्हणजे आपण पुन्हा भेटणार याची नोंद असते.

लग्नातला सगळ्यात नाजूक विषय म्हणजे त्साइली, मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी द्यायची रक्कम. हुंड्याची उलटी बाजू असं समजून सोडून देऊ नका, तेवढं सरळ नाही. पैसा मुलाकडून मुलीकडे जातो हे खरं, पण बरीच घरं तो तसाच किंवा त्यात स्वतःची भर घालून मुलीबरोबर परत देतात, आणि काही घरं तो ठेवून घेतात, कधी धाकट्या भावाच्या लग्नासाठी. प्रांताप्रांतात फार फरक, जियांगशीमध्ये रकमा बदनाम होण्याइतक्या मोठ्या आणि दक्षिणेला ग्वांगदोंगमध्ये तुलनेने लहान. एक पिढी मुलगाच हवा म्हणून मुली कमी जन्मल्या त्यामुळे खेड्यांमध्ये आकडे वाढत गेले, शेतकरी कुटुंबं कर्जात बुडाली, शेवटी सर्वोच्च न्यायालयाने नियम काढले आणि 1 फेब्रुवारी 2024 पासून लागू केले, लग्नाच्या नावाने पैसे उकळायचे नाहीत, आणि लग्न फार थोडे दिवस टिकलं आणि रक्कम फार मोठी असेल तर काही भाग परत मागता येतो. अमेरिकन जावयाला मुलगी विकत घेतोय की काय असं वाटून घाम फुटतो. माझ्या मित्राला त्याच्या सासऱ्यांनी सांगितलं की रक्कम छोटी चालेल पण शून्य नको, कारण शेजारी विचारणार आणि काहीच दिलं नाही असं सांगायला लागलं तर मुलीची किंमत नव्हती असा अर्थ निघेल. त्याने दिली, आणि लग्नानंतर आठवड्याभरात ती मुलीच्या खात्यात जमा झालेली होती. माझं मत विचाराल तर प्रथा गेली तर बरंच होईल, खेड्यातल्या गरीब मुलांचं त्यात वाटोळं झालंय, पण त्या सासऱ्यांच्या वागण्यात मला लोभ दिसत नाही.

आता या सगळ्याच्या मागचं कारण सांगते, कारण ते कळल्याशिवाय चिनी सासू-सासरे इतके का गुंततात ते कळत नाही. 1980 पासून 2015 च्या अखेरपर्यंत एक मूल धोरण होतं. त्या काळात शहरात जन्मलेली मुलगी म्हणजे बहुतेक वेळा एकुलती एक. तिच्याशी लग्न करणारा अमेरिकन जावई दोन माणसांच्या म्हातारपणाची निम्मी जबाबदारी घेतो आणि बाकी निम्मी फक्त त्याच्या बायकोवर असते, तिसरं कोणीच नाही. त्यात निवृत्तीचं वय बघा, कारखान्यातल्या बायकांसाठी 50, ऑफिसातल्या वरच्या कामावरच्या बायकांसाठी 55 आणि पुरुषांसाठी 60, हे 1950 च्या दशकापासून तसंच होतं, जानेवारी 2025 पासून ते पंधरा वर्षांत हळूहळू 55, 58 आणि 63 वर नेणार आहेत. म्हणजे आत्तापर्यंत पन्नाशीतली धडधाकट आजी पेन्शन घेऊन घरी, एकुलत्या एका मुलीला एकुलतं एक मूल. ती आजी मुलीच्या घरात येऊन राहणार नाही तर काय करणार! ओहायोवाल्याला वाटलं होतं सासूबाई बाळ बघायला दोन आठवडे येतील. त्या दोन वर्षं राहिल्या. त्यांच्याशिवाय त्या दोघांच्या नोकऱ्या चालल्या नसत्या हे तो स्वतः सांगतो, आणि त्या दोन वर्षांत नवराबायकोला एकांत म्हणून मिळाला नाही हेही सांगतो.

बाळंतपणाचा महिना तर वेगळा विषय आहे. बाळंतिणीने महिनाभर घराबाहेर पडायचं नाही, गार पाण्याला हात लावायचा नाही, वारा लागू द्यायचा नाही, जुन्या पद्धतीत केसही धुवायचे नाहीत, गरम सूप, आलं, लाल साखरेतली अंडी, दूध यावं म्हणून डुकराच्या पायाचं सूप. आपल्या सव्वा महिन्याची, शेक-शेगडीची, कानाला बांधलेल्या फडक्याची आणि डिंकाच्या लाडवांची आठवण आल्याशिवाय राहत नाही, पदार्थ वेगळे पण शरीराकडे बघण्याची नजर तीच, बाळंतीण म्हणजे उघडं पडलेलं अंग, त्यात गारवा शिरता कामा नये. फरक मुक्कामाचा आहे, आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, त्यांच्याकडे जुन्या रीतीने सासरी, आणि सेवा सासूने करायची. अमेरिकन सासू हे करणार नाही, तिला ते माहीतच नाही, म्हणून अशा जोडप्यात ती जागा आपोआप मुलीच्या आईकडे येते किंवा पगारी बाळंतीणबाईकडे, शहरात त्यांचा मोठा व्यवसायच झालाय, आणि पैसेवाल्यांसाठी हॉटेलसारखी केंद्रंही आहेत. ज्यांचं मूल अमेरिकेत होतं त्यांचा पहिला झगडा हॉस्पिटलातच सुरू होतो, नर्स बाळंतिणीला बर्फाचं पाणी आणून देते आणि आजी तो ग्लास हिसकावून घेते. डॉक्टरांच्या दृष्टीने बर्फाने काही होत नाही आणि आजीच्या दृष्टीने सांधे जन्माचे गेले. मधे उभा असतो नवरा. अशा वेळी विज्ञान समजावत बसणाऱ्या जावयापेक्षा मुकाट्याने गरम पाणी शोधून आणणाऱ्या जावयाचं घरात जास्त बरं चालतं असं मला तरी दिसलंय.

एक गोष्ट मात्र परदेशी जावयामुळे मुलीच्या बाजूने वळते, ती वसंतोत्सवाची. चिनी न्यू इयरच्या आदल्या रात्रीचं जेवण हे वर्षातलं सगळ्यात मोठं, त्यासाठी चाळीस दिवस देशभर रेल्वे आणि रस्ते भरून वाहतात, आणि जुनी रीत अशी की ते जेवण नवऱ्याच्या घरी, माहेरी जायचं ते नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी. एकुलत्या एका मुलीच्या आईवडिलांनी त्या रात्री दोघांनीच जेवायचं, हा हल्लीच्या लग्नांमधला खरा भांडणाचा मुद्दा आहे. नवऱ्याचं घर ओहायोत असलं की प्रश्नच मिटतो. माझ्या मित्राच्या सासऱ्यांनी त्याच्या पहिल्या न्यू इयरला अख्ख्या नातेवाइकांसमोर हे बोलून दाखवलं होतं, की शेजाऱ्याची मुलगी तीन तासांवर असून येऊ शकत नाही आणि माझी इथे बसलीय. परदेशी माणसाला मुलगी द्यायला जे घर घाबरत होतं त्याच घराला असा फायदा होईल हे कोणाच्या मनात नव्हतं.

इथपर्यंत घरातली जागा झाली. आता कागद.

हुकोऊ म्हणजे ती घराण्याची नोंदवही, 1958 च्या नियमांपासून आजच्या रूपात चालू, तुम्ही कुठले, तुमची शाळा कुठली, बऱ्याच सरकारी सोयी कुठे मिळणार हे तिच्यावरून ठरतं. परदेशी नवऱ्याचं नाव त्या वहीत कुटुंबातला माणूस म्हणून येत नाही. जो माणूस लग्नाच्या दिवशी चहा देऊन मुलगा झाला तो वहीत नाही. तो राहतो ते रेसिडन्स परमिटवर, ठरावीक मुदतीच्या, बायकोच्या नात्यावर मिळालेल्या, आणि त्या परमिटवर नोकरी करता येत नाही, त्यासाठी वेगळं वर्क परमिट लागतं. घटस्फोट झाला की त्या परमिटचा आधारच जातो. शिवाय परदेशी माणूस हॉटेलऐवजी कोणाच्या घरी उतरला की 24 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात नोंद करावी लागते, नाही केली तर 2000 युआनपर्यंत दंड होऊ शकतो, आणि हे सासूसासऱ्यांच्या घरालाही लागू आहे. न्यू इयरच्या गर्दीत दमून सासुरवाडीला पोचायचं, जेवायचं, आणि मग सासऱ्यांबरोबर पोलीस ठाण्यात जाऊन आपण पाहुणे आलोय असं लिहून द्यायचं. त्याचे सासरे तिथल्या हवालदाराला दरवर्षी सांगायचे, पाहुणा नाही, जावई आहे. हवालदार हसायचा आणि फॉर्म पुढे करायचा.

मुलाचं प्रकरण अजून गुंतागुंतीचं. चीनचा नागरिकत्व कायदा 1980 चा, तो दुहेरी नागरिकत्व मानत नाही, आणि आईवडिलांपैकी एक जरी चिनी असेल आणि मूल चीनमध्ये जन्मलं तर ते चिनी. अमेरिकेचा कायदा म्हणतो की बापाने जन्माआधी अमेरिकेत पाच वर्षं काढली असतील, त्यातली दोन वयाच्या 14 नंतरची, तर मूल जन्मापासून अमेरिकन. दोन्ही कायदे आपापल्या जागी पूर्ण आहेत आणि दोन्ही एकाच बाळाला लागू होतात. व्यवहारात होतं असं की बाप वकिलातीत जाऊन परदेशात जन्मल्याचा दाखला आणि अमेरिकन पासपोर्ट काढतो, आई मुलाचं नाव आपल्या हुकोऊत घालते, आणि मग देशाबाहेर जाताना चिनी अधिकारी त्या अमेरिकन पासपोर्टवर व्हिसा देत नाहीत, कारण त्यांच्या लेखी हा चिनी मुलगा आहे, तर एक वेगळा प्रवेश-निर्गम पास देतात. चीनमधून निघताना पास दाखवायचा, अमेरिकेत उतरताना पासपोर्ट, परत येताना चिनी वकिलातीकडून प्रवासाचं कागदपत्र. चेंगदूमधलं अमेरिकन कॉन्सुलेट जुलै 2020 मध्ये बंद झालं, तेव्हापासून त्या भागातल्या अमेरिकन बापांना या कामांसाठी दुसऱ्या शहरात जावं लागतं. अशा मुलाच्या आईवडिलांनी हे सगळं तिकीट काढायच्या आधी बघितलं पाहिजे, विमानतळावर अडलेल्या बाळांच्या गोष्टी ऐकल्या की पोटात गोळा येतो.

कायमचं राहायची परवानगी मिळते का? मिळते. लग्नाला पाच वर्षं, चीनमध्ये सलग पाच वर्षं वास्तव्य, त्यातल्या प्रत्येक वर्षी किमान नऊ महिने, स्थिर उत्पन्न आणि राहायला घर. ही पद्धत 2004 साली सुरू झाली आणि मिळणाऱ्यांची संख्या फार लहान राहिली, 2016 मध्ये, त्या आधीच्या वर्षापेक्षा खूप वाढूनसुद्धा, 1,576 लोकांना मिळाली. 2020 च्या जनगणनेत मुख्य भूमीवर साधारण 8 लाख 46 हजार परदेशी लोक होते, लोकसंख्या 141 कोटी, त्यावरून अंदाज येईल. डिसेंबर 2023 पासून नवीन कार्ड आलंय, त्यावर चिनी ओळखपत्रासारखाच 18 अंकी नंबर, त्यामुळे रेल्वेचं तिकीट, बँक, हॉस्पिटल यातली रोजची अडवणूक बरीच कमी झाली.

आणि हे वाचून अमेरिका उदार आणि चीन बंद असा निष्कर्ष काढायच्या आधी थोडं मागे जाऊ. 1882 मध्ये अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी घालणारा कायदा केला, तो 1943 पर्यंत चालला आणि उठवला तेव्हाही वर्षाला फक्त 105 चिनी लोकांना जागा ठेवली. कॅलिफोर्नियात गोऱ्या आणि चिनी माणसाचं लग्न 1948 पर्यंत कायदेशीर नव्हतं, आणि अशा बंद्या सगळ्या देशातून गेल्या त्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1967 च्या निकालाने. 1907 च्या कायद्याप्रमाणे परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचं नागरिकत्वच जायचं, 1922 मध्ये तो बदलला पण नवरा चिनी असेल तर त्या बदलाचा फायदा 1931 पर्यंत मिळत नव्हता. म्हणजे आपल्याच देशात जन्मलेली बाई चिनी माणसावर प्रेम केलं म्हणून परकी. आज चीनच्या फॉर्मवर चिडणाऱ्या अमेरिकन लोकांनी हा इतिहास वाचायला हवा असं मला मनापासून वाटतं.

ज्यांनी पलीकडे जाऊन पूर्ण जागा घेतली तेही आहेत. जॉर्ज हातेम, न्यूयॉर्क राज्यातल्या बफलोमध्ये 1910 साली लेबनीज घरात जन्मलेला डॉक्टर, 1933 मध्ये शांघायला आला, 1936 मध्ये उत्तर शान्शीत कम्युनिस्टांकडे गेला, मा हायदे असं नाव घेतलं, 1940 मध्ये येनानमध्ये, म्हणजे कम्युनिस्टांच्या तेव्हाच्या मुख्य तळावर, चौ सूफेई या अभिनेत्रीशी लग्न केलं, आणि 1949 नंतरच्या कम्युनिस्ट चीनचा नागरिक होणारा पहिला परदेशी ठरला. पुढचं आयुष्य त्याने गुप्तरोग आणि कुष्ठरोग हटवण्यात घालवलं, 1988 मध्ये गेला. तो येनानमध्ये होता त्याच काळात, 1939 मध्ये, तिथे भारतीय वैद्यकीय पथक पोचलं, आणि त्यात आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणिसांनी 1941 मध्ये कुओ छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, 1942 मध्ये मुलगा झाला आणि त्याच वर्षी 9 डिसेंबरला, वयाच्या 32 व्या वर्षी ते गेले. हातेमला संसार मिळाला, कोटणिसांना वर्षभर.

सिडनी शापिरो ब्रुकलिनचा वकील, सैन्यात चिनी शिकला, 1947 मध्ये शांघायला गेला, 1948 मध्ये फंगत्झ या अभिनेत्री-लेखिकेशी लग्न, 1963 मध्ये चिनी नागरिकत्व आणि 2014 मध्ये बीजिंगमध्येच शेवट. या लोकांचं नागरिकत्व लग्नाने मिळालं नाही हे लक्षात घ्या, ते राजकारणाच्या एका खास काळात, देशासाठी काम केल्यामुळे मिळालं. साध्या इंग्रजी शिकवणाऱ्या जावयासाठी तो रस्ता तेव्हाही नव्हता.

माझ्या मित्राच्या घरात सध्या चालू असलेला प्रश्न बरोबर उलट दिशेचा आहे. सासूसासरे सत्तरीकडे चाललेत. चीनच्या कायद्यात 1 जुलै 2013 पासून असंच लिहिलंय की लांब राहणाऱ्या मुलांनी म्हाताऱ्या आईवडिलांना वरचेवर भेटावं, पण कायदा नसता तरी एकुलती एक मुलगी झोपू शकली नसती. त्यांना अमेरिकेत कायमचं आणायचं तर मुलीला अमेरिकन नागरिक व्हावं लागेल, ग्रीन कार्डवाली मुलगी आईवडिलांसाठी अर्ज करू शकत नाही. नागरिक होणं तिच्यासाठी अवघड नाही, अमेरिकन नवऱ्याबरोबर राहत असेल तर ग्रीन कार्डनंतर तीन वर्षांत अर्ज करता येतो. पण ज्या दिवशी ती शपथ घेईल त्या दिवशी चिनी कायद्याने तिचं चिनी नागरिकत्व आपोआप संपेल, हुकोऊतलं नाव काढावं लागेल, आणि मग चेंगदूला आईच्या घरी उतरल्यावर 24 तासांत पोलीस ठाण्यात जाऊन तिलाच नोंद करावी लागेल. वहीत मग म्हातारे दोघेच उरतील. तिच्या वडिलांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, मग नको.

म्हणून तोवर त्यांनी तेच केलंय जे इकडे मुलं असलेले पुण्या-मुंबईचे हजारो आईवडील करतात, सहा महिने तिकडे आणि सहा महिने इकडे. नोव्हेंबर 2014 पासून चिनी लोकांना अमेरिकेचा दहा वर्षांचा टूरिस्ट व्हिसा मिळायला लागला आणि एका खेपेला साधारण सहा महिने राहता येतं, त्यामुळे हे जमतं. गाडी चालवता येत नाही, माजोंगला चौथा भिडू मिळत नाही, आजारी पडलं तर इन्शुरन्सचा खर्च अंगावर येतो, या तक्रारी आहेतच. यंदा ते न्यू इयर तिकडे करून येणार आहेत, आणि मुलीच्या नागरिकत्वाचा फॉर्म अजून भरलेला नाही.